नानांसाठी केलेला उतार

पालिकेतून कोणीही येऊ द्या, ओट्याला हात न लावता परत जाईल, असं कौतिक नानांनी गल्लीत जाहीर करून टाकलं होतं. जाहीर करणं नानांच्या रक्तातच होतं. सारी नोकरी त्यांनी धुळ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. कुठली गाडी लागली, कुठली सुटली आणि कुठली आज सुटणारच नाही, हे नानांनी एकदा माइकवरून सांगितलं की संपलं. मग प्रवाशांनी कितीही हातपाय आपटले तरी उपयोग नसे. निवृत्तीच्या दिवशी माइक स्टँडवर राहिला, आवाज मात्र नाना घरी घेऊन आले.

घर होतं देवपुरात, शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. नानांनी प्लॉट घेतला तेव्हा समोर कपाशी होती आणि रस्त्याच्या मधोमध म्हशी बसत. मग कपाशीच्या जागी कॉलनी आली, कॉलनीमागे दुसरी कॉलनी आली, आणि नदीपलीकडे कोणी जागा फुकट वाटत असल्यासारखं धुळं सुटलं. आता रस्त्याने दिवसभर ट्रक धावत. शेजारच्या झुलाल आबांना समोरच्या टपरीवरून तंबाखूची पुडी आणायची तर अर्धी सकाळ रस्ता ओलांडण्यात जाई. यावर पालिकेने उपाय काढला, की रस्ता आणखी रुंद करायचा.

रुंदीकरणाची रेघ नकाशावर मारली ती नेमकी नानांच्या ओट्यावरून गेली.

आता ओट्यासाठी एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण पांझरेच्या पुराच्या धास्तीने नानांनी घराचं जोतं चांगलं कमरेइतकं उंच घेतलं होतं. ओटा गेला तर दार सरळ हवेत उघडणार. नानांचं एक वेळ भागलं असतं. पण मागच्या दिवाळीला सुगंधाबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. तेव्हापासून खाटेवरून उठायचं, काठी टेकत, पाय ओढत ओट्यावर यायचं आणि दिवेलागणीपर्यंत जगाकडे बघत बसायचं, एवढंच त्यांचं जगणं उरलं होतं. ओट्याच्या उभ्या पायऱ्या उतरणं त्यांना जमत नव्हतं, पण निदान ओटा होता. गल्लीतली सगळी म्हातारी मंडळी संध्याकाळी त्यांच्याभोवती जमत. पोरंबाळं नाशिकला, पुण्याला, सुरतेला पांगली होती. गल्लीत साठीच्या आतलं माणूस दिसलं तर तो दूधवाला असे.

"ओटा गया ते मी बी गयी समजा," सुगंधाबाई एवढंच म्हणाल्या होत्या. त्यानंतर नानांना झोप नीट लागली नाही. बाहेर ते कितीही गर्जना करोत, आतून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

नाना पालिकेत जाऊन आले नव्हते असं नाही. तिथे देसले नावाचे तरुण इंजिनियर होते. माणूस वाईट नव्हता, फक्त नकाशावर फार प्रेम करणारा होता. त्यांनी नानांना खुर्ची दिली, चहा दिला आणि नकाशा उलगडून दाखवला.

"नाना, हा आराखडा पुढच्या वीस वर्षांचा आहे. शहर वाढतंय. पुढचा विचार करायला नको?"

"करा ना साहेब. पण त्या वीस वर्षांत आम्ही कुठे आहोत?"

देसले साहेबांनी नकाशाकडे बघितलं. तिथे नाना कुठेच नव्हते.

"बाई घरातून उतरणार कशी?" नानांनी विचारलं.

"त्याची काहीतरी व्यवस्था तुम्ही करालच," साहेब म्हणाले, आणि सोमवारी पथक येईल असंही सांगून मोकळे झाले.

मग नानांनी योजना आखली. एसटीत माणूस कसा हाताळायचा ते नानांना ठाऊक होतं, आणि मुकाट बसलेल्या म्हाताऱ्याला उचलून बाजूला ठेवायची हिंमत कुठल्याही साहेबात नसते, हाही त्यांचा अनुभव होता. सोमवारी सकाळीच गल्लीतल्या सगळ्यांनी ओट्यावर आणि ओट्यासमोर सतरंजी टाकून बसायचं. पण तोंडातून शब्द काढायचा नाही. मागे पलीकडच्या आळीत पथक आलं तेव्हा झुलाल आबांच्या तानुबाईंनी मुकादमाच्या सात पिढ्या काढल्या होत्या, आणि त्या रागात त्याने आधी तिथल्याच पायऱ्या फोडल्या होत्या.

"साहेब काहीही इचारो, बोलानं नही," नानांनी बजावलं.

"आनि खोकला उना ते?" झुलाल आबांनी विचारलं.

"खोकला चाली. शिवी देवानी नही." हे बोलताना नाना तानुबाईंकडे बघत होते.

व्यवस्थेत नानांचा हात कोण धरणार? स्टँडवर रांगा लावायची सवय, म्हणून पुरुष एका बाजूला बसवले, बाया दुसऱ्या बाजूला. पुरुषांनी पांढऱ्या टोप्या घालायच्या, म्हणजे जरा वजन पडतं. बायांनी पदर डोईवरून पुढे ओढायचा, ऊन लागत नाही. घर कुणाचं आहे ते साहेबाला कळावं म्हणून मधोमध एक खुर्ची ठेवली आणि तिच्यावर निरोप समारंभातला आपला मोठा फोटो. त्या समारंभात मिळालेला चंदनाचा हार पेटीत पडून होता, तोही नानांनी फोटोला घालून टाकला. रस्त्याच्या कामासाठी गटार उकरून ठेवलं होतं, त्याची घाण येत होती, म्हणून तानुबाईंनी फोटोपुढे उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. धुराने सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. नाना स्वतः आत थांबले. साहेब आला की मगच आपण बाहेर यायचं, असा त्यांचा बेत होता.

खानदेशात मयताच्या घरी जाणं याला दारावर जाणं म्हणतात. दारासमोर सतरंजी असते, टोप्या घातलेले पुरुष एका अंगाला, पदर ओढलेल्या बाया दुसऱ्या अंगाला, आणि कोणी काही बोलत नाही. बारशापासून तेराव्यापर्यंत गावचं सगळं पाहिलेल्या नानांना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण आपल्याच योजनेवर माणूस खूश असला की डोळ्यांसमोरचं दिसत नाही.

शिरपूरहून येणारी पहिली गाडी समोरून गेली ती नथ्थू ड्रायव्हरची. नथ्थूला नोकरीत नानांनीच सांभाळून घेतलं होतं. त्याने हारातला फोटो पाहिला, गाडी बैलगाडीइतकी हळू केली, एक हात कपाळाला लावला आणि नाक ओढत पुढे गेला. आत खिडकीशी बसलेल्या नानांचा ऊर भरून आला.

"पाह्यं का?" ते सुगंधाबाईंना म्हणाले. "अजून सलाम करतस लोकं."

नथ्थूने स्टँडवर पोचताच कंट्रोलरच्या खोलीतून पाचोऱ्याच्या स्टँडला फोन लावला, कारण नानांची एकुलती एक बहीण भागाबाई पाचोऱ्यात होती. तिथल्या कंट्रोलरने तिच्या घरी माणूस धाडला. चाळीसगावच्या गाडीबरोबर निरोप गेला, पारोळ्याच्या गाडीबरोबर गेला. एसटीने निघालेला निरोप वाटेत कुठे उतरत नाही, हे नाना आयुष्यभर अभिमानाने सांगत आले होते.

ऊन तापायच्या सुमाराला पथक आलं. पुढे देसले साहेब, मागे हिलाल मुकादम, त्याच्यामागे पहारी, घण आणि फावडी घेतलेली माणसं. आत नानांनी टोपी सारखी केली, घसा साफ केला, एक पाय चपलेत घातला. आणि बाहेरून साहेबांचा आवाज आला, एकदम खाली उतरलेला.

"केव्हा झालं?"

झुलाल आबांना बोलायची बंदी होती. त्यांनी दोन्ही हात वर करून आभाळाकडे बघितलं. त्यांच्या मनात होतं, की देवच आमचा न्याय करील. तानुबाईंनी धुराने झोंबलेले डोळे पुसले.

"हत्यारं खाली ठेवा," साहेब माणसांना म्हणाले. "घरात मयत झालीय. नाना गेले."

नानांचा एक पाय चपलेत आणि एक फरशीवर, तसाच राहिला.

"कोन मरी गयं?" खाटेवरून सुगंधाबाईंनी विचारलं.

"मीच, बहुतेक," नाना म्हणाले.

त्यांनी झटकन दुसरा पाय चपलेत घातला आणि दाराकडे वळले. सुगंधाबाईंनी काठी आडवी धरली.

"कथा निंघनात?"

"सांगस त्यास्ले. जित्ता शे म्हनीसन."

"आनि ओटा?"

नाना थांबले. बाहेर पहारी खाली ठेवल्याचे आवाज येत होते. ते आवाज ऐकून किती बरं वाटत होतं ते त्यांनाच माहीत. बाहेर पाऊल टाकलं की त्याच पहारी परत उचलल्या जाणार होत्या. खोटं बोलायचं नाही ही नानांची रीत होती. पण ते कुठे काय बोलले होते? बोलायची तर सगळ्यांनाच बंदी होती.

तेवढ्यात ओट्याच्या पायऱ्यांवर बूट काढल्याचा आवाज झाला. साहेब दर्शनाला येत होते.

"आते मरी गयात ना, मंग गुपचूप पडी ऱ्हा," सुगंधाबाई म्हणाल्या आणि काठीने खाली पसरलेली चटई दाखवली. नाना चपलांसकट आडवे झाले. सुगंधाबाईंनी आपली चादर खाली फेकली ती नशिबाने तोंडापर्यंत आली, पण पाय उघडे पडले. नानांनी चपला कशाबशा खाटेखाली ढकलल्या.

देसले साहेब आत आले. हात जोडून उभे राहिले. तेवढ्यात चादरीखाली नानांच्या नाकात उदबत्तीचा धूर शिरला. शिंक अशी गोष्ट आहे की ती कंट्रोलरच्या हुकमाने थांबत नाही. नानांनी नाक दाबलं, श्वास कोंडला, तेहतीस कोटी देव आठवले. चादर थरथरायला लागली. ते पाहून सुगंधाबाईंनी मोठ्याने गळा काढला.

शिंक त्या रडण्यात बुडाली. पण रडणं थांबेना. समोर नवरा चादर घेऊन पडलाय, पाय उघडे, टाचांना भेगा पडलेल्या, हे बाईंनी एकदा पाहिलं आणि खोटं रडणं कधी खरं झालं ते त्यांनाही कळलं नाही. चादरीखाली नानांनाही ते कळलं. उठून बसावं आणि तिला गप्प करावं असं त्यांना फार वाटलं.

"अक्का, मला माफ करा," साहेब म्हणाले. "परवाच ते ऑफिसात आले होते. मी त्यांना वीस वर्षांचा आराखडा दाखवत बसलो. त्यांनी धसका घेतला असणार."

साहेब बाहेर गेले ते भलत्याच निश्चयाने. नानांना वाटलं, आता निघून जातील, मग आपण उठू, पुढचं पुढे बघू. पण अपराधी वाटणारा माणूस निघून जात नाही, मदत करत बसतो.

"खांदा कोण देणार?" बाहेर साहेबांनी विचारलं.

झुलाल आबा उठले. मोतीबिंदूमुळे त्यांना साहेबांच्या जागी नुसता पांढरा शर्ट दिसत होता. गल्लीतले वना आप्पा उठले, त्यांना उठतानाच दम लागला. सुकदेव भाऊ गुडघा धरून अर्धे उठले आणि तिथेच थांबले. बोलायची बंदी असली तरी मित्राला खांदा द्यायला नाही कसं म्हणायचं, आणि मित्र जिवंत आहे हे तरी कसं सांगायचं, या पेचात तिघं एकमेकांकडे बघत होते. खरं तर आता तोंड उघडायला हरकत नव्हती. पण पहारी खाली पडलेल्या त्यांनाही दिसत होत्या.

साहेबांनी त्या तिघांकडे पाहिलं, मग ओट्याच्या उभ्या पायऱ्यांकडे, मग समोर उकरून ठेवलेल्या गटाराच्या चराकडे.

"हे लोक तिरडी घेऊन या पायऱ्या उतरणार? चौघं मिळून चरात जातील. हिलाल, इकडून चांगला उतार काढ. दारापासून, भिंतीला धरून, बाजूच्या बोळात उतरेल असा. रुंद पाहिजे. आणि चढ अगदी हळू, म्हाताऱ्यांचे पाय आहेत."

मग जे झालं ते नानांनी खिडकीच्या फटीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ओटा फोडायला आलेली माणसं रस्त्याच्या ढिगातला मुरूम पाट्यांनी वाहायला लागली. दगडं बसली, मुरूम पडला, पाणी मारून धुम्मस झाली, बाजूच्या चरावर शहाबादी फरशा पडल्या. साहेब स्वतः उतारावरून दोनदा चालून आले आणि एके ठिकाणी पाय घसरतो म्हणून त्यांनी तेवढं परत करायला लावलं. पालिकेत जाऊन विचारूनही जे मिळालं नव्हतं, ते मेल्याबरोबर तासाभरात दाराशी आलं होतं. नानांना हसावं की रडावं कळेना. जिवंतपणी बाईला उतरता येत नाही हे ज्याच्या डोक्यात शिरलं नाही, त्याला तिरडी उतरणार नाही हे एका नजरेत दिसलं होतं.

"उतार चांगला व्हयना का?" खाटेवरून सुगंधाबाईंनी हळूच विचारलं.

"फस्क्लास," नाना म्हणाले. "मरानं सार्थक व्हयनं."

इथपर्यंत ठीक होतं. पण मग नथ्थू डेपोतली माणसं घेऊन आला, खांद्यावर बांबू, हातात मडकं. चौघं जण सुतळी सोडवायला लागले. कोणीतरी, आंघोळ कुठे घालायची, असं विचारलं. देसले साहेब घड्याळ बघून म्हणाले, की ऊन उतरलं की काढू, पहिला खांदा मी देणार. नाना हिशेब करायला लागले. आता उठावं तर पन्नास माणसांदेखत साहेबांची फजिती, वर फसवणुकीचा गुन्हा, आणि ओटाही गेला. पडून राहावं तर हे लोक पांझरेच्या काठावर नेतील. एखादी गाडी सोडायची की रद्द करायची हा निर्णय नानांनी हजारदा घेतला होता, पण गाडीत ते स्वतः कधी नव्हते.

आणि तेवढ्यात पाचोऱ्याची गाडी आली.

भागाबाई रस्त्याच्या कोपऱ्यावर उतरली तिथपासून तिचा आवाज ऐकू येत होता. सत्तरीची बाई, छातीचं दुखणं, डॉक्टरने जिना चढू नको म्हणून सांगितलेलं. ती पदर सावरत, ऊर बडवत, धावत येत होती.

"मना भाऊ रे, माले सोडीसन कथा गया रे..."

नवीन उताराच्या पायथ्याशी आली आणि तिथेच बसली. रडणं एकदम थांबलं. बायांनी तिला घेरलं. कोणी पाणी आणलं. मग नथ्थूचा घाबरलेला आवाज आला, "बाईना हात थंडा पडी राहिनात. दवाखानामा न्या."

ओटा, साहेब, गुन्हा, पहारी, सगळं त्या एका वाक्याने नानांच्या डोक्यातून पुसलं गेलं. लहानपणी याच भागाने आपल्या वाटची भाकरी अर्धी मोडून त्यांना दिली होती. नाना उठले आणि अंगावर चादर तशीच घेऊन दारात उभे राहिले.

"भागा, मी जित्ता शे."

सुतळी सोडवणारे जिथल्या तिथे थांबले. एकाच्या हातून मडकं सुटलं आणि फुटलं. देसले साहेब दोन पावलं मागे सरले, आणि मागे चर होता, त्यात गुडघाभर उतरले. डोळे किलकिले करून भागाबाईने दारात पाहिलं. पांढऱ्या चादरीतला भाऊ दिसला तेव्हा तिच्या तोंडावर समाधान पसरलं.

"भाऊ, मी बी उनू का वर?"

नाना तिच्याकडे धावायला निघाले, पण मध्ये चरातून वर आलेले देसले साहेब उभे होते, आणि त्यांच्याकडे बघून नाना उंबऱ्यातच अडले. मग नानांच्या बाजूने काठी पुढे आली. सुगंधाबाई खाटेवरून उठून कधी आल्या कोणाला कळलं नाही. त्यांनी नानांना कोपराने बाजूला सारलं आणि उतारावर काठी टेकली. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. कोणी हात द्यायला गेलं, तर त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. असं करत त्या थेट खाली गेल्या, नणंदेजवळ टेकल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"भागा, उठ वं. त्यास्ले काही व्हयेल नही. ते असाच शेतस."

भागाबाई रडली, मग हसली, मग नानांना तिने ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून तानुबाईंनाही शिकायला मिळालं. बाईच्या अंगात एवढा जोर आलेला पाहून दवाखान्याचं नाव कोणी काढलं नाही. त्या गोंधळात सुगंधाबाई मात्र काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या होत्या. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्या जमिनीवर उतरल्या होत्या. त्यांनी शिरपूरच्या बाजूला पाहिलं, नदीच्या बाजूला पाहिलं.

"हाऊ रस्ता इतला मोठा कव्हय व्हयना?" त्यांनी विचारलं. 

देसले साहेबांची विजार चिखलाने भरली होती, चेहरा लाल झाला होता. त्यांनी सुगंधाबाईंकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं. पण पन्नास माणसांदेखत माणूस चिखलात पडला की त्याच्या तोंडातून आधी राग बाहेर येतो.

"पाडा. ओटा पण पाडा आणि उतार पण. दोन्ही रेघेत येतात."

माणसांनी पहारी उचलल्या.  माइकवरून सगळं जग हलवणारा माणूस चादर पांघरून गप्प उभा राहिला. ओटा तासाभरात गेला. नानांनी स्वतः घोटलेला कोबा, सुगंधाबाईंची बसायची जागा, सगळं मुरमात गेलं. मग साहेबांनी उताराकडे बोट केलं, आणि हिलाल मुकादमाने फावडं जमिनीवर ठेवलं.

"उतारले हात लावाव नही, साहेब."

"का?"

"मयतनी वाट शे ती. मयतसाठे करेल वाट आमनाकडे कोनी मोडत नही. ज्यानासाठे करी, तो तिन्हावरथून गया पाहिजे. मंग मोडा."

"अरे, पण मयत झालेलीच नाही."

"मंग व्हवू द्या," हिलाल शांतपणे म्हणाला. "आमले घाई नही."

साहेबांनी दुसऱ्याला सांगितलं. त्याने हात मागे घेतले. तिसऱ्याने कानाला लावले. साहेबांनी स्वतः एक फावडं उचललं, थोडा वेळ धरून ठेवलं. पलीकडे सुगंधाबाई काठी टेकत, पाय ओढत, उतारावरून परत वर घरात चालल्या होत्या. साहेबांनी फावडं ठेवून दिलं, बूट हातात घेतले आणि पालिकेची माणसं घेऊन निघून गेले.

रस्ता रुंद झाला. उतार अजून आहे. संध्याकाळी गल्लीतली म्हातारी मंडळी ओट्याऐवजी त्या उतारावर ओळीने बसतात. सुगंधाबाई रोज खाली उतरतात, बोळाच्या टोकापर्यंत जातात, तिथूनच रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्याला चार गोष्टी सुनावतात आणि परत येतात. दूधवाला उतारावरून सायकल वर आणतो. भागाबाई आली की महिनाभर राहते, आता चढायला त्रास नाही म्हणते.

त्या उतारावरून एकच माणूस चालत नाही. ज्याच्यासाठी वाट केली तो तिच्यावरून गेला पाहिजे, मग मोडा, असं हिलाल म्हणाला होता. जिवंत की मेलेला, हे त्याने स्पष्ट केलं नव्हतं, आणि नानांना त्या बाबतीत जोखीम घ्यायची नव्हती. म्हणून ओट्याच्या जागी, दाराखाली, त्यांनी एक लाकडी खोकं ठेवलंय. रोज सकाळी चौकट धरायची, पोटावर घसरायचं आणि एक पाय हवेत हलवत खोकं शोधायचं, अशा रीतीने नाना घराबाहेर पडतात. गुडघे आता त्यांचेही दुखतात.

मागच्या आठवड्यात देसले साहेब स्कूटरवरून जात होते. नाना चौकटीला लोंबकळत होते आणि खोकं काही पायाला लागत नव्हतं. साहेबांनी स्कूटर थांबवली.

"नाना, अहो बाजूला एवढा चांगला उतार आहे. त्याच्यावरून या की."

नानांनी मान वळवून पाहिलं. खाली बोळाच्या टोकाशी सुगंधाबाई काठीवर हात ठेवून कोणाशी तरी हसत बोलत होत्या.

"येईन, साहेब," नाना लोंबकळतच म्हणाले. "तिचं फिरणं होऊ द्या अजून थोडं."